भाऊ, जरा सरका

आमच्या बैठकीत तेलरंगातली नऊ चित्रं टांगलेली आहेत. घरी नवीन माणूस आला, की पाणी पिऊन झाल्यावर हमखास विचारतो, "हे गाव उठून गेलं का हो?" मी नाही म्हणतो. शिबिराच्या इमारती आहेत, तलावाच्या काठावरच्या, असं सांगतो. पाहुणा मान डोलावतो आणि पुन्हा चित्रांकडे बघतो. लांबलचक हॉल, त्याच्या छपरावरचे कवेलू, पाण्याला लागून उभं असलेलं पंपघर, ऑफिसच्या दोन खोल्या. दारं उघडी, दोरीवर टॉवेल वाळत घातलेले, रांजणावर उपडा ग्लास. सगळं आहे, पण माणूस म्हणून एकही नाही. शिबिरात तर ऐंशी पोरं असायची आणि त्यांचा गलका तलावाच्या पलीकडच्या पाळीवर गुरं राखणाऱ्याला ऐकू जायचा.

पाहुणा गेला की बायको म्हणते, "खरं काय ते एकदा सांगून टाका ना." आजवर ते मी टाळत आलो. आता रिटायर होऊनही काही वर्षं झाली, तेव्हा लिहून टाकतो.

चंद्रपूरच्या उन्हात उन्हाळी शिबिर भरवायची कल्पना ज्या कोणाला सुचली, त्याला ती थंडीत सुचली असणार. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून एक जुना मालगुजारी तलाव आहे. त्याच्या काठावर आमच्या शिक्षणसंस्थेने चार इमारती बांधल्या होत्या. एप्रिलच्या शेवटी दोन आठवडे चामोर्शीपासून अहेरीपर्यंतच्या शाळांमधली पोरं तिथे यायची. पहाटे पाचला उठवायचं, कवायत, गुडघाभर पाण्यात डुंबणं, मग नाश्ता. अकरा ते चार सगळ्यांना हॉलमध्ये कोंडायचं. त्या वेळात कोणी बाहेर सापडला तर त्याच्या डोक्यावर ओला पंचा पडायचा आणि पाठीत धपाटा. मी ड्रॉइंग मास्तर. माझा तास दुपारी साडेचारला, म्हणजे सकाळ माझी मोकळी. त्या मोकळ्या वेळात मी इमारती रंगवायचो.

तेलरंग हे काही आमच्या ऐपतीतलं काम नव्हतं. बाजारातला तयार कॅनव्हास मी कधी घेतला नाही. मांजरपाट आणायचो, चौकटीवर ताणायचो, चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचे तीन हात द्यायचो. वर जवसाच्या तेलात घोटलेला रंग. पहिल्या वर्षी ती तेलाची बाटली बघून स्वयंपाकघरातल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "आमी जवसाची चटनी करतो मास्तर, तुमी त्याची भिंत करून राह्यले." त्यानंतर दरवर्षी जेवणात पहिल्या दिवशी जवसाची चटणी असायचीच आणि ती वाढताना त्या माझ्याकडे बघून हसायच्या.

या बाई म्हणजे तिथल्या चौकीदाराच्या बायको. शिबिराचा स्वयंपाक त्यांच्याकडे आणि वर्षभर इमारतींची राखण त्यांच्या नवऱ्याकडे. स्वयंपाकघराच्याच मागच्या खोलीत दोघं राहायची. नवरा जातीने ढीवर, तलावावर जाळं टाकणारा. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. उंचीने बेताचे, बोलायला त्याहून बेताचे. पहाटे डोंगा घेऊन जाळं काढायला जायचे आणि सूर्य उगवून हातभर वर आला की परत येऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायचे. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवायची, दोन्ही हातांनी जाळं ताणायचं आणि एकेक मासोळी सोडवून टोपल्यात टाकायची. मासोळ्या संपल्या की फाटलेलं शिवायचं. हे सगळं त्या पायरीवर.

आणि नेमकी तीच वेळ माझी. स्वयंपाकघराचं तोंड पूर्वेला, तलावाकडे. सकाळी पाण्यावरून येणारं ऊन त्या पिवळ्या भिंतीवर असं काही पडायचं, की मास्तरकी सोडून रोज तेच रंगवत बसावं. भिंतीच्या खालच्या बाजूला गेरूचा पट्टा, त्याखाली ती दगडी पायरी, डाव्या अंगाला जळाऊ लाकडांचा ढीग. मी चौकट मांडून बसलो आणि बघतो तो मधोमध भाऊ. मी म्हटलं, "भाऊ, जरा सरका. भिंत दिसत नाही."

ते लगेच उठले. जाळं आणि टोपलं घेऊन लाकडांच्या ढिगापलीकडे जाऊन बसले. जाताना उलट मलाच विचारलं, "अजून सरकू का?" मी हातानेच पुरे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पायरीवर, मी पुन्हा सरका म्हटलं. असं दरवर्षी, रोज. तो माझा आणि त्यांचा सकाळचा रामरामच होऊन बसला. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, कारण माझ्यापाशी त्याला एक भक्कम कारण होतं.

ते कारण वडसा गावचं. नोकरी लागण्याआधी दोन पावसाळे मी वडशाला नाटकाचे पडदे रंगवायचं काम केलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, त्यांचे पडदे पावसाळ्यात तयार होतात. मोठ्या गोदामात जमिनीवर कापड पसरायचं आणि त्यावर अनवाणी चालत रंगवायचं. राजवाडा, गल्ली, जंगल, गरिबाची झोपडी. तिथल्या उस्तादांचा एक नियम होता. पडद्यावर माणूस काढायचा नाही. सिंहासन काढा, राजा नको. पानाचं दुकान काढा, पानवाला नको. एकदा मी गल्लीच्या पडद्यावर हौसेने कोपऱ्यात एक म्हातारा काढला तर त्यांनी त्याच्यावर सरळ पांढरा हात मारला. म्हणाले, "जागा सोडाची. मानूस समोरून येते. तू मागं उभा करून ठेवला तं येनाऱ्यानं कुठी उभं राहाचं?"

हे मला इतकं पटलं, की पुढे नोकरी लागली, पडदे सुटले, पण नियम सुटला नाही. दाराशी जागा सोडायची, पायरीशी सोडायची, झाडाखाली सोडायची. एकदा भाऊंनी विचारलं, "मास्तर, तुमच्या चित्रात कोनीच काऊन नाई?" तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत हा नियम समजावून सांगितला. नाटकांचे ते भलतेच शौकीन, हंगामात सायकल मारत कुठल्या कुठे जाणारे. त्यांना लगेच समजलं. थोडा विचार करून म्हणाले, "बराबर हाये. मंग तुमचं हे नाटक सुरू कवा होते?" मी हसलो, तेही हसले. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

खरं सांगायचं तर नियम हे निमित्त होतं. मला माणूस काढता येत नव्हता. पदविकेच्या परीक्षेत भिंती, झाडं, भांडी यांत मी वर्गात पहिला आणि माणसाच्या अभ्यासात कसाबसा काठावर पास. अंग जमायचं, कपडे जमायचे, हात तर चांगलेच जमायचे. चेहऱ्याशी आलो की हात आखडायचा. डोळे एकमेकांशी भांडून बसल्यासारखे व्हायचे. पडद्यांच्या धंद्यात ते झाकलं गेलं, शाळेतही झाकलं गेलं. आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराची भिंत रंगवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी बुद्धांची मूर्ती काढा म्हटलं. मी पिंपळ काढला, खाली आसन काढलं आणि म्हटलं, मूर्ती समोर ठेवा, ते जास्त शोभेल. लोकांनी माझं कौतुक केलं. कौतुक ऐकून घ्यायला मी कधीच कचरलो नाही.

मग एका वर्षी बाईंनी विषय काढला. ताटात भात वाढता वाढता म्हणाल्या, "मास्तर, औंदा यायले घ्या न चित्रात. इतले दिवस झाले, सारं काढलं तुमी, पंप बी काढला. हेच राह्यले." भाऊ पलीकडे जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला. मी उस्तादांचा नियम पुढे केला. बाई म्हणाल्या, "थे नाटकाचं. हे तं घर हाये." सगळ्या मास्तरांसमोर, मुलांसमोर नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "बरं, उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकट मांडली आणि भाऊ आले. जाळं काढायला गेलेच नव्हते. केसांना तेल, भांग पाडलेला, अंगात आकाशी रंगाचा टेरीकॉटचा सदरा. कोणाच्या तरी लग्नात मिळालेला, घडीच्या खुणा तशाच. पायरीवर असे ताठ बसले, की जणू फोटो काढायला आधार केंद्रात बसलेत. मी म्हटलं, "भाऊ, रोजच्यासारखं बसा, जाळं घ्या." मग त्यांनी जाळं आणलं, अंगठ्यात कड अडकवली आणि जरा सैल झाले. बाई दारात पळी घेऊन उभ्या. कवायत संपवून पोरं येऊन माझ्या पाठीमागे दाटली. पीटीच्या मास्तरांनी त्यांना हाकललं नाही, उलट स्वतःच येऊन उभे राहिले.

सदरा झाला. त्याची घडीसुद्धा झाली. जाळं झालं, पाय झाले, अंगठ्यात ताणलेली दोरी तर अशी जमली की मागची पोरं वा वा करायला लागली. मग चेहरा राहिला. माझ्या चित्रात तो चेहरा केवढा असेल? माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. कपाळावर उजेडाचा एक ठिपका, गालाखाली सावलीचा एक फटकारा आणि सोडून द्यायचं. कोणत्याही शहाण्या चित्रकाराने तेच केलं असतं. मला नाक काढायचं होतं, डोळे काढायचे होते. इतकी वर्षं लपवलेलं आज सगळ्यांसमोर साधून दाखवायचं होतं. मी बारीक ब्रश घेतला आणि कोरत बसलो. कोरता कोरता तो चेहरा काळवंडला, मग सुजला, मग कोणाचाच राहिला नाही. मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "हे भाऊ नाही वाटत."

मी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि पुसलं. चेहरा तेवढा पुसला असता तरी चाललं असतं. पण मला राग आला होता, स्वतःचाच, आणि मी सदरा, जाळं, पाय, अंगठा सगळं एका दमात पुसून काढलं. पायरी पुन्हा लख्ख झाली. मग उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "उन्हानं रंग फाटला, भाऊ. दूध फाटतं तसं होतं कधी कधी. पुढच्या वर्षी काढू."

रंग असा फाटत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात तर नाहीच नाही. भाऊ उठले, जवळ आले, चित्र बघितलं. मग माझ्या हातातलं फडकं बघितलं. त्यावर आकाशी रंग लागला होता. ते म्हणाले, "मी या फडक्यात गेलो म्हना." आवाजात ना राग, ना टोमणा. थट्टाच केली त्यांनी, माझं ओशाळलेपण जावं म्हणून. मग आत जाऊन सदरा काढून ठेवला आणि उघड्या अंगाने, उशिरा का होईना, डोंगा घेऊन तलावावर गेले. बाई दारातून कधी आत गेल्या ते मी पाहिलं नाही. त्या दिवशी जेवण वाढायला त्यांनी हाताखालच्या बाईला पाठवलं.

पुढच्या सकाळी मी पुन्हा तिथेच बसलो, कारण पायरीवरचा ओला रंग नीट करून घ्यायचा होता. भाऊ तलावावरून आले. सवयीने मी तोंड उघडलं, पण सांगायची वेळच आली नाही. ते पायरीकडे फिरकलेच नाहीत. टोपलं घेऊन सरळ लाकडांच्या ढिगापलीकडे जाऊन बसले. त्यानंतर जितकी शिबिरं झाली त्यांत मला एकदाही सरका म्हणावं लागलं नाही. खरं तर तेव्हाच मी उठून त्यांचा हात धरून त्यांना पायरीवर आणून बसवायला हवं होतं. मी काय केलं? बरं झालं, रोजची कटकट गेली, असं मनात म्हणालो. हे लिहायला आज लाज वाटते, पण म्हणालो होतो.

पुढच्या वर्षी काढू, असं मी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी हॉलचं छत दुरुस्तीला निघालं, मी छत रंगवलं. मग आजाराच्या साथीत दोन उन्हाळे शिबिर बंद राहिलं. त्यात मी रिटायर झालो. नंतर संस्थेने शिबिरच गुंडाळलं, इमारती पाडून तिथे पाहुण्यांसाठी नव्या खोल्या बांधायच्या ठरल्या. भाऊ आणि बाई गावात स्वतःच्या घरी राहायला गेले. एवढं मला कानावर आलं होतं. जाऊन यावं असं वाटायचं. बसने दोन तासांचा रस्ता, पण आज जाऊ उद्या जाऊ करत माझं निघणं झालं नाही.

आणि एका दिवाळीच्या सुमारास बाईंचा फोन आला. आवाज ओळखीचा, तरी मला क्षणभर लागला नाही. म्हणाल्या, "मास्तर, हे गेले. पावसाळ्यात. कावीळ झाली होती." म्हणजे दोन महिने उलटून गेले होते. मला कोणी कळवलं नाही म्हणावं, तर मी तरी कधी विचारलं होतं? मी काहीतरी बोललो. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "स्वयंपाकघर पाडलं जी त्याईनं. तुमच्यापाशी त्याचं चित्र असन तं एक द्याल का? आमी बावीस वरसं राह्यलो तिथी."

चित्र देतो म्हटलं आणि फोन ठेवला. मग माझ्या डोक्यात आलं, की रिकामं कशाला द्यायचं? आता भाऊंना त्यात बसवूनच देऊ. घाई नाही, मागे पोरं नाहीत, जमेल. मी नेमकं तेच चित्र बाहेर काढलं, ज्याच्यातून त्यांना पुसलं होतं. पायरीजवळ रंग जरा मंद दिसत होता, पुसल्यामुळे. समोर मांडून बसलो आणि डोळे मिटले. पायाचा अंगठा दिसला, नखासकट. जाळ्याची गाठ मारून दाताने दोरा तोडायची लकब दिसली. हातांवरच्या शिरा दिसल्या. चेहरा काही केल्या येईना. भाऊंचं नाक कसं होतं? मिशी होती, पण कशी होती? तीस वर्षं मी शाळेत स्मरणचित्र शिकवलं. बाजार आठवून काढा, जत्रा आठवून काढा, म्हणून पोरांच्या मागे लागलो. जो माणूस इतकी वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर बसला, तो मला आठवेना. आठवणार कसा? मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. मी त्यांच्यामागची भिंत बघत होतो.

शेवटी बाईंच्या भाचीकडून मोबाइलवर आधार कार्डाचा फोटो मागवला. त्यात भाऊ असे दिसत होते, की जणू पोलिसांनी उभं केलंय. त्यावरून चार दिवस खपलो. डोळे जमले, नाक जमलं, आयुष्यात पहिल्यांदा मला चेहरा जमला. पण पायरीवर जो बसला होता तो सरकारी कागदावरचा माणूस होता, त्याने कधी जाळं हातात धरलं नव्हतं. बायकोने मागून येऊन बघितलं आणि चहा ठेवून गेली. मी फडकं उचललं. त्याच पायरीवरून मी भाऊंना दुसऱ्यांदा पुसलं. त्या वेळी मला रडू आलं, आणि ते मी येऊ दिलं.

चित्र घेऊन बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंती निळ्या, दारात जाळं टांगलेलं. बाई वाळल्या होत्या. त्यांनी चित्र दोन्ही हातांनी घेतलं, उजेडात नेलं, बराच वेळ बघितलं. पिवळी भिंत, गेरूचा पट्टा, चुलीचा धूर, पायरी. त्या पायरीवर त्यांनी बोट ठेवलं नाही. विचारलं फक्त, "हे नाई यात?" मी ठरवून गेलो होतो की रंग फाटला वगैरे काही सांगायचं नाही. म्हटलं, "नाही बाई. मला काढता आले नाहीत. तेव्हाही आले नव्हते. मी खोटं बोललो होतो."

त्यांनी उठून चहा केला. मी पिऊन उठलो, तेव्हा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुमी त्यायले सरकाले लावत होते न, थे कोन्या बाजूले?" मी म्हटलं, "डाव्या. लाकडांच्या ढिगापलीकडे." त्यांनी वळून चित्राकडे बघितलं. चित्राच्या डाव्या कडेला तो ढीग अर्धाच आलेला होता, पुढे चौकट. "बरं," एवढंच म्हणाल्या.

या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो. न सांगता गेलो, तर घरात शेजारची एक नवी सून बसलेली. बाई तिला चित्र दाखवत होत्या, माझी चाहूल त्यांना लागली नव्हती. चित्र निळ्या भिंतीवर टांगलेलं होतं. सुनेने तेच विचारलं जे सगळे विचारतात, "इथी कोनीच नोहोतं का, मावशी?"

"काऊन नाई? हे होते ना," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी बोट ठेवलं. चित्रावर नाही. चौकटीच्या डावीकडे, चार बोटं सोडून, कोऱ्या भिंतीवर. "इथी बसले हायेत. मासोऱ्या काढून राह्यले. मास्तरनं सरका म्हटलं म्हनून सरकले."

मी दारातच थांबलो. त्यांचं बोट जिथे होतं तिथला निळा रंग उडाला होता आणि भिंतीवर तेलकट, काळा डाग पडला होता. एकदोनदा बोट लावून असा डाग पडत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तिथेच बोट ठेवून दाखवलं असणार, आणि कोणी आलं नसेल त्या दिवशीही. डाग माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. तेवढंच काढायचं होतं मला.